शेवग्याचा पाला ब्रॉयलरच्या खाद्यात: कुणी घालावा, किती घालावा, कसा घालावा

शेवग्याचा हंगाम संपला की बागेची छाटणी होते आणि बांधावर पाल्याचे ढीग पडतात. त्याच शेतकऱ्याचं पाचशे-हजार पक्ष्यांचं शेड असेल, तर एकीकडे फुकटचा हिरवा पाला आणि दुसरीकडे खाद्याचं बिल असं चित्र समोर येतं. ब्रॉयलरच्या उत्पादन खर्चात दोन तृतीयांशाच्या आसपास रक्कम खाद्यावरच जाते. त्यामुळे हा पाला कोंबड्यांना घालून खर्च खाली आणता येईल, असं वाटणं साहजिक आहे.

पाला घालता येतो. मात्र त्याने खाद्य स्वस्त होईल ही अपेक्षा आधी काढून टाका. पाला हे पूरक आहे. थोडा, कोरडा, बारीक आणि उशिरा घातला तर तो चालतो. ही चार बंधनं पाळायची नसतील तर न घातलेला बरा. पुढचं सगळं या चार शब्दांचाच तपशील आहे.

आधी हे बघा: पाला तुमच्यासाठी आहे का?

तुम्ही एखाद्या कंपनीशी करार करून पक्षी वाढवत असाल, म्हणजे पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची आणि तुम्हाला किलोमागे संगोपन दर, तर हा लेख इथेच सोडा. ते खाद्य कंपनीचं असतं, त्यात बाहेरचं काही मिसळायला करारात सहसा मनाई असते. तुमचा हिशेब एफसीआरवर, म्हणजे एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागलं यावर होतो. तो बिघडला की दर तुमचाच कापला जातो. सुपरवायझरला कळणार नाही, या भरवशावर कुणी हे करू नये.

पाल्याचा खरा उपयोग तिघांना. स्वतः मका-सोया आणून खाद्य बनवणारे, शे-पाचशे पक्षी वाढवून थेट गिऱ्हाइकाला विकणारे, आणि शेवग्याची स्वतःची झाडं असलेले. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असतील तर उत्तम.

कोणता पाला?

नवख्या माणसाने शेवग्यापासूनच सुरुवात करावी. वाळवलेल्या शेवग्याच्या पानांत साधारण २५ टक्के किंवा थोडी जास्त प्रथिनं असतात, कॅल्शियम २ टक्क्यांच्या आसपास असतं आणि कॅरोटीन, म्हणजे पिवळं रंगद्रव्य, भरपूर. पक्षी ती सहज खातात. जात पीकेएम-१ असो, भाग्या असो की कोकण रुचिरा, पाल्यासाठी त्याने मोठा फरक पडत नाही. पान कोवळं की जून, याने मात्र पडतो.

बाकीच्या पाल्यांबद्दल थोडक्यात. सुबाभळीत प्रथिनं चांगली असतात, पण मिमोसिन नावाचं द्रव्यही असतं आणि कोंबडीची वाढ त्याने खुंटते. गाई-शेळ्यांना चालतं म्हणून कोंबडीला चालेल असं नाही. हादग्याचंही तेच, जनावरांना चांगला, पिल्लांना नको. कडुनिंब कडू, पक्षी खाद्य कमी खातात, आणि ब्रॉयलरने खाद्य कमी खाल्लं की सगळं गणित तिथेच संपतं. लसूणघासातल्या सॅपोनिनमुळे वाढ मंदावते. अझोल्याचं कौतुक फार होतं, पण तो ताजा असताना नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतो. परसातल्या गावरान कोंबड्यांना तो घाला, पाच-सहा आठवड्यांत दोन किलो व्हायच्या पक्ष्याचं पोट पाण्याने भरू नका.

तेच ताज्या शेवग्याच्या पाल्याला लागू आहे. शेडमध्ये फांद्या टांगल्या की पक्षी टोचून खातात आणि बघायला छान दिसतं. पण कुणी किती खाल्लं ते कळत नाही, देठ लिटरमध्ये, म्हणजे खाली अंथरलेल्या तुसात, पडून कुजतात आणि तूस ओलं होतं. ओल्या तुसातून अमोनिया आणि रक्ती हगवण, दोन्ही येतात.

पाला काढणे

पहिला प्रश्न फवारणीचा. शेंगांसाठी लावलेल्या बागेत पानं खाणाऱ्या अळीवर आणि माव्यावर कीटकनाशकं मारली जातात. गेल्या काही आठवड्यांत काय मारलं ते बागवाल्याला स्पष्ट विचारा, बाग स्वतःची असेल तर वही बघा. शंका असेल तर तो पाला घेऊ नका. छाटणीनंतर फुटलेली नवी फूट, जिच्यावर काहीच फवारलेलं नाही, ती सर्वांत चांगली. बांधावरची चार-पाच झाडं फक्त पाल्यासाठी राखून ठेवता आली तर सगळ्यात निर्धास्त. फूट दीड महिन्याच्या आसपासची झाली की पुन्हा छाटायला येते.

सकाळी दव वाळल्यावर फांद्या कापा. पिवळी पडलेली, किडीने खाल्लेली, खाली पडलेली पानं घेऊ नका. रस्त्याकडेचं झाड असेल तर फांद्या पाण्यातून काढून निथळत ठेवा. पानांत धूळ राहिली तर पुढे ती पावडरीत वाळू म्हणून येते. गोळा करताना बांधावरचं गाजर गवत, एरंड, रुई यांची पानं मिसळली जात नाहीत ना, हे मजुरांना आधीच सांगून ठेवा.

वाळवणे

इथेच बहुतेकांचा पाला बिघडतो, म्हणून जरा सविस्तर.

उन्हात टाकला की पाला एका दिवसात वाळतो, पण कॅरोटीन उडून जातं आणि रंग फिका पिवळट पडतो. पाल्याची निम्मी किंमत त्या कॅरोटीनमध्येच असते. म्हणून सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवा. जमिनीवर नको. बाजेवर किंवा बांबूच्या मांडवावर शेडनेट ताणा आणि त्यावर पाला एक इंचापेक्षा जाड होणार नाही असा पसरा. दिवसातून दोन-तीनदा हलवा. कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत पानं कुरकुरीत होतात आणि हात फिरवला की देठापासून आपोआप सुटतात. देठ आणि काड्या बाजूला काढा, कारण तंतूचा मोठा भाग तिथेच असतो.

कापलेल्या फांद्यांचा ढीग रात्रभर ठेवू नका. आतून तो गरम होतो, पानं काळी पडतात आणि बुरशीला आयतं घर मिळतं. ओलसर पाल्यातून खाद्यात बुरशीचं विष शिरलं, तर पक्ष्याचं यकृत, प्रतिकारशक्ती आणि वजन, तिन्हीवर परिणाम होतो. पाल्यापासून होणारा सगळा फायदा त्यापुढे किरकोळ.

ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. घरी मोजायचं यंत्र नसतं, तेव्हा साधी चाचणी करा. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर पाला घट्ट बंद करून तासभर उन्हात ठेवा. काचेला आतून दव धरलं तर अजून वाळवायला हवं.

देठातून सुटलेला ताजा पाला पाच किलो घेतला तर हाती एक किलोच्या आसपास पावडर येते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे हिशेबाला लागेल. पावसाळ्यात हे काम हातात घेऊ नका. मार्च ते मे करून ठेवलेला साठा पहिल्या पावसापर्यंत संपवायचा, असाच बेत ठेवा.

दळणे आणि साठवणे

पल्व्हरायझरवर किंवा मसाल्याच्या चक्कीवर बारीक दळून चाळून घ्या. जाड तुकडे राहिले तर पक्षी ते निवडून बाजूला सारतात आणि फीडरच्या तळाशी हिरवा चुरा साठतो. फार पीठही नको, ते उडतं आणि पक्ष्यांच्या नाकात जातं. रव्यापेक्षा थोडं बारीक ठेवा. दळताना तोंडाला फडकं बांधा.

आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या पोत्यात भरून लाकडी फळीवर, भिंतीपासून थोडं लांब ठेवा. पोत्यावर दळल्याची तारीख लिहा. दोन महिन्यांच्या आत वापरा. कुबट वास आला, गुठळ्या झाल्या, रंग तपकिरी झाला, तर ते पोतं खताच्या खड्ड्यात टाका. "थोडंच खराब आहे" म्हणून चांगल्यात मिसळू नका.

पहिल्या वेळी अर्धा किलो नमुना तपासून घेणं चांगलं. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पशुपोषण विभागात किंवा खाद्य तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळेत चौकशी करा. शिरवळ, परळ, नागपूर अशा ठिकाणी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं आहेत. प्रथिनं, तंतू, ओलावा आणि वाळू एवढे चार आकडे मागा. तंतू १२ टक्क्यांच्या वर गेला असेल तर पाल्यात देठ जास्त आलेत असं समजा.

किती घालायचा?

कोंबडीला गाईसारखं रवंथाचं पोट नाही. आतड्याच्या शेवटी दोन छोट्या पिशव्या असतात, तंतू पचवण्याचं थोडंफार काम तिथेच होतं. म्हणून ब्रॉयलरच्या खाद्यात तंतू ५ टक्क्यांच्या आत ठेवतात. भारतीय मानकाप्रमाणे प्रथिनं प्री-स्टार्टरमध्ये (अगदी सुरुवातीचं खाद्य) २३, स्टार्टरमध्ये (त्यानंतरचं) २२ आणि फिनिशरमध्ये (विक्रीपर्यंतचं शेवटचं) २० टक्के लागतात, आणि ऊर्जा किलोमागे ३००० पासून ३२०० किलोकॅलरीपर्यंत चढत जाते. पाला यात प्रथिनं देतो, पण ऊर्जेत मक्याच्या खूप मागे आहे. प्रमाण वाढवलं की खाद्य हलकं होतं, पक्षी पोटभर खाऊनही वजन धरत नाही.

माझा सल्ला साधा आहे: नवख्याने २ टक्क्यांच्या वर जाऊ नये. म्हणजे १०० किलो खाद्यात २ किलो पावडर. पाच, दहा टक्के घालून वजन तेवढंच आलं असं सांगणारे भेटतील. ते खरंही असेल, पण त्यांच्या पाल्याची प्रत, तेलाचं प्रमाण आणि बाहेरून घातलेली लायसिन-मेथिओनीन ही अमिनो आम्लं तुम्हाला माहीत नसतात.

आणि कधी? पहिले २१ दिवस अजिबात नाही. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं पिल्लू पहिल्या आठवड्यात चौपट होतं. त्या वयात त्याच्या पोटात जाणारा प्रत्येक दाणा सहज पचणारा हवा. फिनिशर सुरू झाल्यावर पहिले तीन दिवस अर्धा टक्का, मग चार दिवस १ टक्का, आणि पक्ष्यांनी खाणं कमी केलं नसेल तर २ टक्के.

सूत्र बदलायचं कसं?

समजा तुमचं फिनिशर मॅश, म्हणजे भरड खाद्य, असं आहे: मका ६० किलो, सोया पेंड ३२, तेल ४, उरलेल्या ४ किलोत डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), मार्बल पावडर, मीठ, लायसिन, मेथिओनीन आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण). यात २ किलो पाला नुसता वरून टाकू नका. १ किलो सोया पेंड आणि १.१ किलो मका कमी करा. पाल्यातून कॅल्शियम येतं म्हणून मार्बल पावडर १०० ग्रॅम कमी करा. ऊर्जेची तूट भरायला तेल २०० ग्रॅम वाढवा. बेरीज पुन्हा १०० होते आणि प्रथिनं जवळपास आधीइतकीच राहतात. लायसिन-मेथिओनीनला हात लावू नका. पाल्यातली प्रथिनं सोयाइतकी पचत नाहीत.

तयार गोणीचं खाद्य वापरत असाल तर सूत्र तुमच्या हातात नाही. तिथे १ टक्क्यावरच थांबा, म्हणजे ५० किलोच्या गोणीला अर्धा किलो. क्रंबल किंवा पेलेट, म्हणजे दाणेदार खाद्य, असेल तर पावडर खाली बसते. त्यासाठी दाण्यांवर आधी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास तेल शिंपडून हलवा, मग पावडर भुरभुरवा. ती दाण्याला चिकटते. असं केलेलं खाद्य दोन-तीन दिवसांपुरतंच बनवा, तेल खवट होतं.

पैशाचं गणित

वरच्या सूत्रावरच हिशेब मांडू. समजा मका २४ रुपये, सोया पेंड ४५ रुपये आणि तेल १३० रुपये किलो आहे. वाचलेला मका २६ रुपयांचा, पेंड ४५ ची, एकूण ७१. त्यातून जादा तेलाचे २६ गेले, राहिले ४५. म्हणजे २ किलो पाल्याची तुमच्या खाद्यातली किंमत ४५ रुपये, एका किलोची साडेबावीस. तुमच्या भागातले दर टाकून हाच हिशेब परत करा, आकडा थोडा इकडेतिकडे होईल.

आता त्या एका किलोसाठी पाच किलो पाला तोडायचा, वाळवायचा, देठ काढायचे, दळायचं. रोजाने माणूस लावला तर हे परवडत नाही. बाजारात माणसांसाठी विकली जाणारी शेवगा पावडर शेकडो रुपये किलोने मिळते, ती आणून कोंबडीला घालण्याचा तर विचारच नको. हजार पक्षी असतील तर फिनिशरच्या काळात अडीच टनांच्या आसपास खाद्य लागतं. २ टक्के म्हणजे ५० किलो पावडर, म्हणजे अडीच क्विंटल सुटा पाला. घरच्या माणसांनी एवढं काम अकराशे-बाराशे रुपयांच्या बचतीसाठी करायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग लोक हे का करतात? रंगासाठी. शेवग्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे पायांना आणि कातडीखालच्या चरबीला पिवळी झाक येते. पिवळ्या मक्यानेही ती येते, पण कोकणासारख्या भागात मक्याऐवजी तांदळाची कणी वापरत असाल तर पक्षी फिकट दिसतो आणि तिथे पाल्याचा फरक डोळ्यांना दिसतो. समोर उभं राहून जिवंत पक्षी निवडणारं गिऱ्हाईक पाय बघतं. त्याच्यासाठी चार रुपये जास्त मिळत असतील तर पाला परवडला. व्यापारी गाडी लावून वजनावर माल उचलत असेल, आणि पुढे दुकानात कातडी सोलूनच विकली जाणार असेल, तर रंगाचे पैसे कुणी देत नाही.

मिसळणे

२ किलो पावडर १०० किलोत थेट ओतून फावडं फिरवलं तर ती कुठे दाट, कुठे नाहीच अशी पसरते. आधी पावडर आणि प्रीमिक्स पाच किलो भरडलेल्या सोयात मिसळा. मग ते वीस किलो खाद्यात, आणि शेवटी सगळ्यात. ड्रम मिक्सर असेल तर दहा-पंधरा मिनिटं फिरवा. हाताने करत असाल तर ताडपत्रीवर ढीग एका बाजूचा दुसऱ्या बाजूला चार वेळा उलटा. तेल शेवटी शिंपडा, धूळ बसते. ढिगाच्या तीन-चार ठिकाणांहून मूठ भरून पांढऱ्या कागदावर टाका. हिरवा रंग सगळीकडे सारखा दिसला तरच पोती भरा.

घालायला लागल्यावर काय बघायचं?

खाद्य रोज किती संपतं ते लिहा. चौथ्या आठवड्यात खाणं दिवसागणिक वाढतच जायला हवं. पाला घातल्यानंतर सलग दोन दिवस ते अडकलं तर प्रमाण निम्मं करा.

विष्ठा थोडी गडद, हिरवट होते, ते पाल्याचंच. पण इथे सावध राहा. हिरवी पातळ हगवण हे मानमोडीचंही (राणीखेत रोगाचं) लक्षण आहे. पक्षी मान टाकून बसलेत, तोंड उघडून श्वास घेतायत, मान वाकडी होतेय, मर वाढलीय, यातलं काही दिसलं तर "पाल्यामुळे असेल" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.

याच्याशी जोडून एक गोष्ट. अँटिबायोटिकच्या वापरावर आता बंधनं येत आहेत. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर २०१९ मध्येच बंदी आली. त्यामुळे "आमची हर्बल पावडर घाला, औषध-लस काही लागत नाही" असं सांगत फिरणारे वाढलेत. शेवगा असो की तुळस, पाला मानमोडीवरच्या लासोटा लशीची आणि गंबोरो रोगाच्या लशीची जागा घेत नाही. लसीकरणाचं वेळापत्रक होतं तसंच ठेवा.

तुमच्या शेडमध्ये चाललं का, ते मोजणे

पहिल्याच बॅचला सगळ्या पक्ष्यांना पाला घालू नका. एकाच शेडमध्ये, एकाच हॅचरीच्या पिल्लांचे जाळी लावून दोन गट करा, किमान पन्नास-पन्नासचे. जागा, फीडर, ड्रिंकर, पडदे, दिवे सारखे. एका गटाला नेहमीचं फिनिशर, दुसऱ्याला पाल्याचं. २१ व्या दिवशी दोन्हींचं वजन घेऊन सरासरी सारखी आहे का ते आधी पाहा. नसेल तर पक्षी अदलाबदल करून सारखी करा.

मग दर आठवड्याला, त्याच वेळी, सकाळी खाद्य घालण्याआधी वजन करा. जवळ येतील तेवढे पक्षी धरले तर मोठे आणि धीट तेवढेच हाती लागतात. जाळीने एक कोपरा घेरा आणि त्यात आलेले सगळे मोजा. प्रत्येक गटाने खाल्लेलं खाद्य वेगळं लिहा. विक्रीच्या दिवशी, २१ व्या दिवसानंतरचं खाद्य भागिले त्यानंतर वाढलेलं वजन, एवढा भागाकार दोन्ही गटांचा काढा. मेलेल्या पक्ष्याचं वजनही लिहून ठेवा, नाहीतर त्याने खाल्लेलं खाद्य जिवंतांच्या नावावर चढतं.

आकडे वाचताना घाई नको. दोन किलोच्या आसपासच्या पक्ष्यांत, नर-मादी मिसळलेले असताना, एकमेकांत दोनशे ग्रॅमचा फरक सहज असतो. त्यामुळे पन्नासच्या दोन गटांच्या सरासरीत चाळीस-पन्नास ग्रॅमचं अंतर नुसत्या योगायोगानेही पडतं. एवढ्यावरून "पाल्याने वजन वाढलं" किंवा "घटलं" असं काहीच म्हणता येत नाही. पुढच्या बॅचला बाजू बदला, कारण पश्चिमेच्या उन्हाची किंवा दाराजवळची बाजू मुळातच मागे राहते. दोन्ही वेळा पाल्याचा गट शंभर ग्रॅम किंवा जास्त मागे पडला तर १ टक्क्यावर येऊन तिसरी बॅच करा. दोन्ही गट बरोबरीत राहिले, आणि पिवळ्या पायांचे चार पैसे गिऱ्हाईक जास्त देत असेल, तर पुढच्या उन्हाळ्यासाठी बांधावरची झाडं पाल्याला राखून ठेवायला हरकत नाही.